सायकल ट्रॅक नंतर, आधी स्पीड उतरवा

मार्चमध्ये नेदरलँड्सहून मास्टर्स संपवून बडोद्याला परत आले, आणि मे महिन्यात एके दिवशी आजोबांची काळी सायकल माळ्यावरून खाली उतरवून घेतली. दोन्ही ट्यूब बदलल्या, चेनला तेल घातलं, सीट जरा खाली केली, घंटी मात्र जुनीच राहू दिली, ती वाजत नाही, नुसती खरवडते. आमचं घर घडियाळी पोळीत. (पुण्यातली माझी मैत्रीण हे ऐकलं की दर वेळी विचारते, "पोळीत राहता म्हणजे पुरणात का गं?" तर पोळ म्हणजे आमच्याकडे एकाच तोंडाची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, घरांना ओटले, आणि पूर्वी तोंडाशी मोठा दरवाजा असायचा.) सकाळी साडेसातला निघाले. मांडवी, लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सुरसागरच्या कडेकडेने रावपुरा, कोठी, काळा घोडा आणि मग युनिव्हर्सिटीचं फाइन आर्ट्स कॉलेज. चारेक किलोमीटर असेल, बावीस मिनिटं लागली.

त्या बावीस मिनिटांत एक सिटी बस मला फुटपाथकडे दाबत गेली, एका उभ्या कारचं दार अचानक उघडलं, एक स्कूटरवाला राँग साइडने समोर आला आणि माझ्याकडेच असं बघितलं की जणू मीच चुकले. कोठीपाशी मागून एक काका ओरडले, "बेन, साइडमां चलावो ने, मरवुं छे?" मी इतकी साइडला होते की डाव्या पायाचं पायडल फुटपाथच्या दगडाला घासत होतं. त्याहून साइडला गेले असते तर थेट दुकानात शिरले असते.

घरी येऊन हे सांगितलं, नेदरलँड्समध्ये सायकलवर असं होत नाही म्हटलं, तर सगळे हसले. माझे काका म्हणाले, "अगं ते डच लोक सायकलवरच जन्माला येतात, त्यांच्या रक्तात आहे ते, आपल्याकडे नाही जमायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय आंब्याच्या रसाकडे गेला. हे "रक्तात आहे" मला आता पंधरा वेळा तरी ऐकवून झालंय, प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, आणि दर वेळी मी गप्प बसते कारण समोर मोठी माणसं असतात. म्हणून इथे लिहितेय. काका, सॉरी, पण हे साफ खोटं आहे.

आधी तिकडचा एक दिवस सांगते, कारण लोकांना वाटतं की युरोपातली सायकल म्हणजे टाइट कपडे, हेल्मेट आणि फिटनेस. मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला होते, टेक्निकल युनिव्हर्सिटीत डिझाइन शिकायला. राहायचे रेल्वेच्या पश्चिमेला, उंच बिल्डिंगांच्या भागात, फॅकल्टी कालव्याच्या पलीकडे. सकाळी सव्वाआठला खाली यायचं, सायकलचं कुलूप उघडायचं (कुलूप चांगलं घ्यावं लागतं बरं का, पहिली सायकल माझी तिसऱ्या महिन्यात चोरीला गेली, स्टेशनजवळून, दिवसाढवळ्या), फोनवर पावसाचा नकाशा बघायचा आणि निघायचं. सेकंड हँड सायकल, मागे पायडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक. पहिल्या दिवशी मी सवयीने हँडलवर ब्रेक शोधत राहिले, हातात काहीच येईना, आणि सरळ एका झुडपात गेले. मागून येणाऱ्या आजी थांबल्या, मला उठवलं, माझं हँडल सरळ करून दिलं आणि निघून गेल्या, मला वाटतं सत्तरीच्या तरी असतील. पुढे दोन वर्षं वाऱ्याच्या दिवशी अशाच आजी मला मागे टाकून जात राहिल्या आणि मी हाशहुश करत राहिले, तेव्हा रक्ताचा विषय असेल तर तो फुफ्फुसाचा असावा.

वाटेत एक उचलता पूल. बोट आली की पूल वर जातो आणि सगळे थांबतात. थांबलेल्या गर्दीत कोण असायचं ते मी बघत बसायचे, तो माझा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम होता: सूट घातलेला माणूस, पुढे लाकडी पेटी जोडलेल्या सायकलीत दोन पोरं बसवून शाळेत नेणारी आई, पेटीतली पोरं एकमेकांच्या टोप्या ओढतायत, सेलो नावाचं भलंमोठं व्हायोलिन घेतलेला मुलगा (खरंच, पाठीवर सेलो), हिजाबवाली नर्स, आणि माझ्यासारखे दहा-बारा विद्यार्थी झोपाळू चेहऱ्याचे. कुणाच्याच अंगावर सायकलिंगचे कपडे नाहीत. आमच्याकडे लोक अ‍ॅक्टिव्हावर जसे बसतात, ज्या अवतारात, तसे ते सायकलवर बसतात. बस. एवढंच आहे ते.

दिवसभर स्टुडिओत. फोमची मॉडेलं कापायची, युजरशी बोलायचं, स्केचेस भिंतीला लावायचे, मग प्रोफेसर येऊन अर्धे काढून टाकायचे. रिव्ह्यूच्या दिवशी ए-झिरो साइजचा बोर्ड सायकलवरून न्यायचा म्हणजे खरी परीक्षा, बोर्ड बगलेत, वारा बाजूने, तुम्ही म्हणजे शिडाची होडीच. एकदा माझा बोर्ड उडून कालव्यात गेला आणि बदकं त्याच्या भोवती जमली. रिव्ह्यूला ती स्टोरी सांगितली, मार्क काही वाढले नाहीत. संध्याकाळी बाजाराच्या चौकातून भाजी घेऊन, हँडलला दोन पिशव्या अडकवून घर. आणि कधीकधी स्टुडिओतून रात्री साडेअकराला निघायचे, एकटी, पुढे पांढरा दिवा मागे लाल (दिवा नसेल तर पोलीस दंड करतात, आणि सायकलवर फोन हातात धरला तर तोही, २०१९ पासून), पंधरा मिनिटं, आणि त्या पंधरा मिनिटांत मला एकदाही असं वाटलं नाही की बाबांना फोन लावून बोलत बोलत जावं.

हे शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नवरात्रीत तू जायचीसच की रात्री दोनला." आणि ते बरोबर आहे! बडोद्यात नऊ रात्री मुली चनियाचोळी घालून, मागे मैत्रीण डबल सीट, पहाटे दोन-अडीचला बिनधास्त घरी येतात, कुणी काही म्हणत नाही. कारण रस्त्यावर माणसं असतात, आणि गर्दीमुळे गाड्या हळू असतात. नऊ रात्री आपल्याला हे जमतं. दहाव्या रात्री तोच रस्ता, तीच मुलगी, आणि आई गॅलरीत उभी. म्हणजे संस्कृती नऊ दिवसांत येऊन गेली का?

आता इतिहास, थोडक्यात, कारण रक्ताचा दावा इथेच मोडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये पैसा आला, पैशाबरोबर कार आल्या, आणि पन्नास-साठच्या दशकात तिकडेही तेच झालं जे आपल्याकडे आत्ता चाललंय, चौक म्हणजे पार्किंग, रस्ते रुंद, सायकलवाले कमी कमी होत गेले. काही शहरांत कालवे बुजवून रस्ते केले. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. १९७२ मध्ये विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी शाळेत जाताना गाडीखाली गेली होती, पेपरात लेख लिहिला, आणि त्यातून जी चळवळ उभी राहिली तिचं नावच होतं "मुलांची हत्या थांबवा". नाव वाचून अंगावर काटा येतो ना? आपण "अपघात" म्हणतो, त्यांनी "हत्या" म्हटलं. आयाबाया, मुलं, रस्त्यात बसली. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, सरकारने रविवारी गाड्यांना बंदी केली, आणि लोक हायवेवर रोलर स्केट घालून फिरायला लागले, तेव्हा त्यांना कळलं की अरे रस्त्याचं असंही करता येतं. त्यानंतर दशकानुदशकं भांडणं, बजेट, महापालिका, दुकानदारांचे मोर्चे, सगळं झालं. दुकानदार तिकडेही म्हणत होते की गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल. अगदी आपल्या मंगळबाजारसारखंच.

म्हणजे माझ्या पुलावरच्या त्या सगळ्या सायकली एका निर्णयातून आल्यात. आजीच्या भाषेत, पोटातून नाही आलं, वळण लावलंय.

आणि वळण लावतं कोण? इथे मी डिझाइनची विद्यार्थिनी म्हणून बोलते, कारण हे मला दोन वर्षं रोज पायाखाली दिसत होतं. तिकडचा रस्ता तुम्हाला बोर्ड लावून फारसं काही सांगत नाही. सायकलचा पट्टा लाल डांबराचा असतो, तुम्ही गाडीवाले असाल तर लाल रंगावर चाक गेलं की तुम्हालाच चोरट्यासारखं वाटतं. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे बऱ्याच ठिकाणी फुटपाथ तुटत नाही, तो तसाच उंचीवर गल्लीच्या तोंडावरून पुढे जातो, आणि गाडीला वर चढून पुन्हा उतरावं लागतं, म्हणजे पायी माणूस गाडीच्या रस्त्यातून जात नाहीये, गाडी माणसाच्या रस्त्यातून जातेय. जिथे दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं तिथे जमिनीवर पांढरे त्रिकोण असतात, ते त्यांना शार्कचे दात म्हणतात, दात तुमच्याकडे असले की तुम्ही वाट द्या. माझ्या वर्गातल्या नायजेरियन मुलाला, मला, कोरियन मुलीला, कुणालाच हे शिकवावं लागलं नाही, आम्ही दोन आठवड्यांत तसेच चालवायला लागलो. मग आमच्या तिघांच्या रक्तात कुठून आलं?

वर कायदाही आहे. गाडीने सायकलवाल्याला धडक दिली तर नुकसानीची जबाबदारी मुळात गाडीवाल्याकडे धरतात, आणि पोरगं चौदा वर्षांखालचं असेल तर भरपाई जवळपास पूर्णच गाडीवाल्याच्या इन्शुरन्सवर. हे ऐकून काका म्हणाले, "हा तर अन्याय झाला." मी म्हटलं, काका, दीड टनाची गाडी कोण चालवतंय त्यावर आहे ना.

तर आता मुद्द्यावर येते. बडोद्यात सायकलची गोष्ट निघाली की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात नाही जमायचं. दुसरी म्हणतात ट्रॅक करा, सायकल ट्रॅक. ही दुसरी माणसं माझ्या बाजूची आहेत पण माझं त्यांच्याशीही पटत नाही. कारण रस्त्याच्या कडेला हिरवा-निळा पट्टा रंगवला, बाजूला सायकलचं चित्र काढलं, फीत कापली, की पहिल्या आठवड्यात त्यावर पाणीपुरीची लारी लागते, दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅक्टिव्हा पार्क होतात, तिसऱ्या आठवड्यात गाय बसते, आणि मग लोक म्हणतात बघा, दिला होता ट्रॅक, वापरला कुणी? लारीवाल्याला मी दोष देत नाही. मोकळी, सावलीतली, कुणी न वापरणारी जागा दिसली की त्याने तिथे लारी लावू नये असं त्याला सांगणारं त्या रस्त्यात काहीच नाही. नुसता रंग आहे. रंगाने ताशी साठने येणारी कार थांबत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आधी गाड्यांचा स्पीड उतरवा, ट्रॅक नंतर बघू. शहराच्या बहुतेक रस्त्यांवर ट्रॅकची गरजच पडणार नाही. सोपं गणित आहे, शाळेतलं. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. तीसऐवजी पन्नासने ठोकलं तर वेग पावणेदोनपटसुद्धा नाही वाढत, पण मार जवळजवळ पावणेतीनपट बसतो. अ‍ॅमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर तीसची मर्यादा आणली, आणि लक्षात घ्या, हे त्या शहराने केलं जिथे ट्रॅक आधीच भरपूर आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारचाच आकडा आहे. आणि आपण त्याच्यावर हेल्मेटची मोहीम काढतो. हेल्मेट घाला, नक्की घाला, मी घालते. पण घरात साप शिरला तर बूट वाटत फिरायचं नसतं.

आणि हे आपल्याला परकं नाही, ही मला सगळ्यात गंमत वाटते. डेल्फ्टमध्ये, म्हणजे मी राहत होते त्याच गावात, साठच्या दशकाच्या शेवटी एका वस्तीत रस्ता असा केला की गाडी आली तरी पाहुण्यासारखी येईल: फुटपाथ वेगळा नाही, रस्ता सरळ नाही, मध्येच झाड, मध्येच बाक, पोरं रस्त्यात खेळणार आणि गाडीने पायी चालणाऱ्याच्या वेगाने जायचं. त्याला ते वोनएर्फ म्हणतात. १९७६ मध्ये सरकारने ते कायद्यात बसवलं आणि मग जगभरचे प्लॅनर बघायला आले. आम्हालाही फर्स्ट सेमिस्टरला फिरवून आणलं, मोठ्या कौतुकाने. मी तिथे उभी राहून बघतेय, वाकडी गल्ली, घराच्या पायरीवर बसलेली बाई, खडूने रस्त्यावर काहीतरी काढलेलं, एक सायकल भिंतीला टेकलेली, आणि मनात म्हणतेय, अहो ही तर पोळ आहे. फक्त पापड वाळत घातलेले नाहीत.

आजीचं लग्न होऊन ती घडियाळी पोळीत आली तेव्हाचं ती सांगते, की पोळीत टांगासुद्धा यायचा नाही, तोंडाशी थांबायचा, आणि सामान हमाल आत आणायचे. बाबा सायकल शिकले ते पोळीतच, दांड्याखालून पाय घालून, एका ओटल्यावरून दुसऱ्या ओटल्यावर आपटत. मी शिकले तीही तिथेच. आता पोळीत स्कूटर सुसाट येतात, वळणावर हॉर्न दाबून धरतात, हॉर्न वाजवला म्हणजे बाकीची जबाबदारी समोरच्याची. मागच्या वर्षी समोरच्या घरातल्या काकींनी वैतागून वळणाच्या आधी दोन मोठ्या तुळशीच्या कुंड्या ठेवल्या, अगदी रस्त्यात, एक डावीकडे आणि चार पावलांवर एक उजवीकडे. स्कूटरला आता नागमोडी जावं लागतं. पहिले चार दिवस भांडणं झाली, एकाने कुंडी हलवली, काकींनी परत ठेवली, आणि तुळशीला लाथ कोण मारणार! आज त्या वळणावर कुणी हॉर्न वाजवत नाही, गरजच पडत नाही. काकी दहावी पास आहेत. मी हेच शिकायला आईबाबांनी कर्ज काढून दिलेले पैसे घालवले. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मला दे की डिग्री."

आणि बडोद्याला तर असा विचार करायची सवय होती. सयाजीराव महाराजांच्या काळात पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश नगररचनाकार इथे येऊन गेला, १९१६ मध्ये त्याने शहराच्या वाढीवर रिपोर्ट लिहिला. जुनी वस्ती पाडून सरळसोट रस्ते काढू नका, आहे ते समजून घेऊन हलक्या हाताने दुरुस्त करा, हा त्याचा सगळीकडचाच धोशा होता. ज्या गावात १८९० मध्ये कलाभवन निघालं, जिथे दादासाहेब फाळके शिकले, जिथे १९०६ मध्ये मुलामुलींना सक्तीचं मोफत शिक्षण राज्यभर लागू झालं तेव्हा बाकीच्यांना ते वेडेपणाचं वाटलं असेल, त्या गावाने "आपल्याकडे नाही जमायचं" म्हणावं याचं मला खरंच वाईट वाटतं. (महाराजांचे शिकवलेले पोपट चांदीच्या छोट्या सायकली चालवायचे असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे पोपटांना जमलं.)

आता आक्षेप. ऊन हा मोठा, आणि खरा. मे महिन्यात दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला मी पण सायकल चालवणार नाही, कुणाला सांगणारही नाही. पण उन्हाचं कारण दुपारी एकचं असतं आणि वापरलं जातं वर्षभराला. सकाळी सात ते दहा, संध्याकाळी पाचनंतर, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अख्खा दिवस बडोद्यात जी हवा असते तिच्यासाठी डेल्फ्टचा माणूस तिकीट काढून येईल. तिकडे जानेवारीत दोन डिग्री, समोरून वारा, आडवा पाऊस, संध्याकाळी लवकर अंधार, तरी पूल भरलेला असायचा. आणि अ‍ॅक्टिव्हावर काय एसी असतो का? तोंडाला दुपट्टा बांधून आपण त्याच उन्हात सिग्नलवर उभे असतो, खालून इंजिनची वाफ वेगळी. उन्हावर औषध झाड आहे. फत्तेगंज आणि युनिव्हर्सिटीच्या बाजूचे जुने झाडांचे रस्ते आणि गावाबाहेरचे नवे रुंद रस्ते यांत दुपारी चालून बघा, वेगळं सांगायला नको. रस्ता रुंद करताना पहिलं झाड जातं आणि मग आपण म्हणतो ऊन फार आहे.

दुसरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही पण तोच खरा आहे. सायकल म्हणजे ज्याला काही परवडत नाही त्याचं वाहन. मी सायकलवर फाइन आर्ट्सला गेले ते पोळीत कळलं तेव्हा एका मावशीने आईला हळूच विचारलं, "नोकरीचं झालं नाही का अजून काही?" आई आजही हे सांगून हसते पण तेव्हा तिला लागलं होतं. आता बघा, २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या साधारण पंचेचाळीस घरांत सायकल होती आणि पाचेक घरांत कार. रस्ते कुणासाठी बांधले गेले? पहाटे मकरपुरा जीआयडीसीकडे, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीकडे, जाणारा रस्ता बघा, शिफ्टवाले सायकलवर, डबा कॅरिअरला, अंधारात, मागे दिवा नाही, बाजूने ट्रक. पेपरवाले, दूधवाले, वॉचमन. आपण म्हणतो बडोद्यात कुणी सायकल चालवत नाही, कारण जे चालवतात ते आपल्याला दिसत नाहीत, किंवा ते "कुणी" मध्ये धरायचे नसतात. मी डेल्फ्टवरून येऊन सायकल चालवली तर लेख लिहिते, ते वीस वर्षं चालवतायत त्यांना कुणी विचारत नाही की तुम्हाला रस्ता कसा हवा.

गुजरात सरकार नववीच्या मुलींना सायकल देतं, सरस्वती साधना योजना. चांगली आहे योजना, खरंच चांगली, सायकल मिळाली की मुलगी शाळेत जाते. पण मग त्या मुलीने ती सायकल चालवायची कुठे? सायकल दिली आणि रस्ता दिलाच नाही, म्हणजे पोहण्याचा ड्रेस दिला आणि विश्वामित्री नदीत सोडलं, मगरींसकट.

पैसा हा आक्षेप मला चालतच नाही. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी साडेतीन किलोमीटरचा पूल झाला, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, दोनशे कोटींच्या वर खर्च. मी पुलाच्या विरोधात नाही, मीही जाते त्यावरून, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या ओळखीच्यांनी गाड्या वाचवायला पुलावर नेऊन लावल्या होत्या, तेवढा तरी उपयोग झाला. पण वेग उतरवायला पूल लागत नाही. चार दरवाजांच्या आतलं जुनं गाव, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, यांच्या मधला भाग, तिथे ताशी वीस. सोसायट्यांच्या आतल्या रस्त्यांवर आणि शाळांच्या आसपास तीस. वळणांचे कोपरे आत घ्या म्हणजे गाडीला वळताना हळू व्हावंच लागेल. गल्लीच्या तोंडावर फुटपाथ तोडू नका, वरून न्या. आणि स्पीड ब्रेकर, देवा, स्पीड ब्रेकरवर तर वेगळा लेख होईल. रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या नियमात ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर चढाचा सांगितलाय, त्यावरून पंचविसेकच्या वेगाने गाडी आरामात जाते आणि जास्त वेगाने गेली तरच आपटते. आपल्याकडे कोण्या सोसायटीवाल्यांनी रात्रीतून केलेला वीतभर रुंदीचा डांबराचा गोळा असतो, त्यावर हळू जा की जोरात, कंबर जातेच, उलट जोरात गेलं तर कमी लागतं असं रिक्षावाले शपथेवर सांगतात. म्हणजे आपला ब्रेकर लोकांना वेग वाढवायला शिकवतो! डिझाइनच्या कुठल्याही वर्गात हे नापासाचं उदाहरण म्हणून दाखवावं.

तिकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. सायकल चोर आहेत (परत आठवलं), जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींवर पोरं उधळलेली असतात, लोक वैतागलेत, आणि २०२२ मध्ये तिथे रस्त्यावर गेलेल्यांत सायकलवाले कारवाल्यांपेक्षा जास्त होते, त्यात बरेचसे म्हातारे. भांडण तिकडेही चालूच आहे, ते संपत नसतं.

काकांनी हा लेख वाचला तर म्हणतील बोलणं सोपं असतं. म्हणून गेल्या रविवारी मी काकांच्याच मुलाला, तो अकरा वर्षांचा आहे, सायकलवर बाहेर काढलं. सकाळी सहा, रस्ता रिकामा, मी पुढे आजोबांच्या सायकलवर, तो मागे त्याच्या निळ्या गिअरवाल्यावर, जी दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला घेतलीय आणि अजून तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक निघालेलं नाही. काकींच्या कुंड्यांमधून तो असा काही झोकात वळला की मलाच जमलं नसतं. पोळीच्या तोंडाशी आलो. मी मांडवीकडे वळले, दहा-बारा पायडल मारली आणि मागे बघितलं तर तो तिथेच, एक पाय खाली टेकवून उभा.

"चल ना," मी म्हटलं.

"इथपर्यंतच. बाबांनी सांगितलंय," तो म्हणाला, आणि सायकल वळवून परत आत गेला.